तबल्याची घरं आणि एफएफटी: पावसाळ्यातल्या नोंदी

१२ जुलै २०२५

काम एवढंच: उजवा तबला सुरात लावताना कुठली बाजू चढली आहे आणि कुठली उतरली आहे, हे ध्वनिमुद्रणाच्या एफएफटीवरून (आवाजातल्या वारंवारता वेगळ्या करून दाखवणारं गणित) नेमकं सांगता येतं का ते बघणं. सूर कोणता आहे हे कानाला कळतं, त्यासाठी यंत्र नको. खरी कटकट घरं (पुडीच्या कडेला वादी ओवायच्या जागा) एका सुरात मिळवण्याची असते.

वाद्य: शिसवी खोड, साडेपाच इंची पुडी, काळी एकचा तबला. ८ गठ्ठे (वादीखाली सरकवायचे लाकडी ठोकळे), १६ घरं, पुडी ताणून धरणारी चामड्याची वादी. एका गठ्ठ्यावरून वादीचे चार पदर जातात, म्हणजे एका गठ्ठ्याला दोन घरं. गठ्ठ्यांवर खडूने १ ते ८ आकडे घातले. समोरासमोरच्या जोड्या १-५, २-६, ३-७, ४-८.

बाकी सामान: यूएसबी कंडेन्सर माइक, लॅपटॉप, पायथॉन (नमपाय, सायपाय), साधा आर्द्रतामापक, स्टीलची सहा इंची पट्टी, कानात घालायच्या कापसाच्या काड्या, हातोडी. मुद्रण ४८,००० नमुने प्रति सेकंद, २४ बिट.

आधी संदर्भ सूर ठरवला. ट्यूनर अ‍ॅपमधली काळी एक २७७.१८ हर्ट्झची, कारण ते ४४० धरून चालतं. ज्या पेटीसोबत हा तबला वाजतो तिची काळी एक मुद्रित केली, ती निघाली २७८.९. म्हणजे सुमारे ११ सेंट चढी (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग). अ‍ॅपवर हिरवा दिवा लागेपर्यंत तबला लावला असता तर पेटीजवळ बसल्यावर तो उतरलेलाच वाटला असता. यापुढे सगळीकडे संदर्भ २७८.९.

१३ जुलै

पहिली मुद्रणं वाया गेली. माइक पुडीच्या बरोबर मध्यावर, फूटभर उंच टांगला होता. ‘ना’ कानाला खणखणीत, आलेखात मात्र २७९ च्या आसपासचं शिखर अगदी बारकं.

कारण मोडच्या आकारात आहे. मोड म्हणजे पुडी कंप पावण्याची एक तऱ्हा; कंसातला पहिला आकडा स्थिर व्यासांचा, दुसरा कडेसह स्थिर वर्तुळांचा. ‘ना’चा मुख्य सूर (१,१) मोडमधून येतो. त्यात एक व्यास स्थिर असतो आणि त्याच्या दोन बाजूंचे पुडीचे अर्धे भाग आलटून पालटून वर-खाली होतात. एक बाजू हवा ढकलते तेव्हा दुसरी ओढते, आणि बरोबर मध्यावर दोन्हींची बेरीज शून्य. माइक नेमका त्याच जागी होता.

आता माइक पुडीपासून ३० सेंटिमीटरवर, साधारण ४५ अंश तिरका, आणि आघात ज्या बाजूला त्याच दिशेला. दुसरं घर तपासायचं तर माइक हलवायचा नाही, चुंबळीवर तबला फिरवायचा. जमिनीवर खडूची एक खूण आहे. जो गठ्ठा त्या खुणेसमोर येईल त्याच्या वरच्या चाटेवर (पुडीच्या काठाची पट्टी) आघात.

आणखी एक घोळ: १५० हर्ट्झवर कायमचं शिखर. आधी वाटलं तोच (०,१), म्हणजे ‘तूं’ वाजवल्यावर ऐकू येणारा खालचा सूर. पण वाद्य शांत असतानाही शिखर जागेवरच. ती विजेच्या ५० हर्ट्झची तिसरी पट. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर गेलं. खरा (०,१) १४७.२ वर निघाला, चार्जर चालू असता तर त्या शिखराच्या पोटात लपला असता. पंखाही बंद ठेवायचा.

१५ जुलै

आघाताची पद्धत बांधून घेतली. हाताने वाजवलेल्या ‘ना’मध्ये अनामिकेचा दाब दर वेळी बदलतो आणि आकडा एक-दीड हर्ट्झ इकडेतिकडे होतो. म्हणून अनामिकेच्या जागी कापसाची काडी: शाईच्या (पुडीवरचा मधला काळा थर) कडेवर, आघाताच्या जागेपासून ९० अंशांवर, नुसती टेकलेली. त्यामुळे स्थिर व्यास काडीखालून जातो आणि (०,१) दबतो. आघात तर्जनीनेच, चाटेवर. प्रत्येक जागी पाच आघात, मधला आकडा धरायचा.

हिशेब असा:

आघातानंतरचे पहिले ३० मिलिसेकंद सोडून द्यायचे, त्यात सगळा खटका असतो. पुढचा ०.६ सेकंदाचा तुकडा घ्यायचा, त्यावर हान खिडकी (तुकड्याची दोन्ही टोकं हळूहळू शून्यावर आणणारी), मग शून्यं जोडून १,३१,०७२ नमुन्यांचं एफएफटी. शिखराच्या तीन बिंदूंतून परवलय काढून मधली वारंवारता. शून्यं जोडल्याने आलेखाचे बिंदू दाट होतात (०.३७ हर्ट्झ), पण दोन जवळची शिखरं वेगळी करण्याची ताकद वाढत नाही. ती फक्त तुकड्याच्या लांबीवर ठरते, आणि हान खिडकीत ०.६ सेकंदाला मुख्य कुबड सुमारे ६.७ हर्ट्झ रुंद असतं. तुकडा लांब घेऊन फायदा नाही; तोवर तबल्याची आस (आघातानंतर रेंगाळणारा नाद) संपलेली असते.

सेंटचा अंदाज राहावा म्हणून: या पट्टीत १ हर्ट्झ म्हणजे सुमारे ६.२ सेंट.

१६ जुलै

पहिले पूर्ण आकडे. आर्द्रता ७४ टक्के.

१ वर २८१.२, ५ वर २८१.०
२ वर २७८.६, ६ वर २७८.३
३ वर २७५.८, ७ वर २७५.९
४ वर २७८.४, ८ वर २७८.६

१-५ आणि ३-७ मध्ये ५.४ हर्ट्झचा फरक, म्हणजे ३४ सेंट. सूर फाटलेला आहे हे कानाला आधीच कळत होतं. आकड्यांवरून निष्कर्ष काढला की १ आणि ५ दोन्ही चढे, ३ आणि ७ दोन्ही उतरलेले, २, ४, ६, ८ बरोबर. यातला फक्त पहिला अर्धा भाग, आणि तोही जोडीपुरताच, खरा होता. पुढे बघा.

१७ जुलै

२, ४, ६, ८ चे आकडे ‘बरोबर’ नव्हते. त्या जागांच्या मुद्रणाला २४० ते ३२० हर्ट्झचा पट्टा-गाळणी लावली (बटरवर्थ, चौथ्या घाताची, पुढून-मागून दोनदा) आणि हिल्बर्ट रूपांतराने आवाजाचं बाह्य आवरण, म्हणजे जोर कसा चढतो-उतरतो त्याची रेषा, काढली. २ वर आवरण सरळ उतरत नाही. आघातानंतर साधारण ९० मिलिसेकंदांवर खड्डा, मग दर १८५ मिलिसेकंदांनी एकेक. १८५ मिलिसेकंद म्हणजे ५.४ हर्ट्झचा डोल (दोन जवळचे सूर एकत्र वाजल्याने आवाजाचा होणारा चढ-उतार). २८१.२ आणि २७५.८ दोन्ही सूर तिथे एकत्र वाजत होते, एफएफटीला ते वेगळे करता येत नव्हते, आणि त्याने सरासरीवर एक गुळगुळीत शिखर काढून दिलं होतं.

उलट १ वर आणि ३ वर आवरण स्वच्छ, एकही खड्डा नाही.

ताण चहूबाजूंनी सारखा असेल तर (१,१) चा स्थिर व्यास कुठूनही जाऊ शकतो आणि सूर एकच राहतो. ताण असमान झाला की त्याच मोडच्या दोन आवृत्त्या होतात, एकमेकींना काटकोनात, दोन वेगळ्या सुरांच्या. आघात त्यांच्यातल्या एकीच्या अक्षावर पडला तर तीच वाजते. मध्ये, ४५ अंशांवर पडला तर दोघी सारख्याच जोराने वाजतात आणि डोल सर्वांत खोल.

म्हणून शोधायची रीत उलटी केली. आता आधी आवरण, मग आकडा. काडी न टेकवता आठही जागी चाटेवर आघात करायचा. खड्डे सर्वांत खोल कुठे आणि नाहीसे कुठे ते बघायचं. जिथे खड्डे नाहीत तिथेच काडी टेकवून वारंवारता मोजायची. मधल्या जागांचे आकडे लिहायचेच नाहीत.

१९ जुलै

हे डोळ्यांनी बघायचं होतं. सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये दाखवलं की शाईमुळे आपल्या तालवाद्यांचे अधिस्वर पटीत बसतात, रामन यांच्या १९३४ च्या लेखात पुडीवर बारीक वाळू पसरून काढलेल्या आकृत्या आहेत. वाळूऐवजी घरात रांगोळी होती. चूक. रांगोळीचा कण टोकदार असतो आणि शाईच्या बारीक भेगांत जाऊन बसतो. मऊ ब्रशने काढायला वाद्य बनवण्यापेक्षा जास्त वेळ लागेल असं वाटलं. बारीक रवा वापरावा, भाजलेला म्हणजे चिकटत नाही.

पाच इंची स्पीकर पुडीपासून तीन सेंटिमीटरवर, मध्यावर नव्हे तर एका बाजूच्या अर्ध्यावर (माइकचीच गोष्ट उलटी). शुद्ध सूर हळूहळू फिरवत नेला. २८१ च्या आसपास रवा ३ पासून ७ पर्यंतच्या रेषेत गोळा झाला. सूर २७६ पर्यंत खाली आणला तर ती रेषा मोडली आणि रवा १ ते ५ वर जाऊन बसला. वरच्या सुराला स्थिर रेषा ३-७, म्हणजे हलणारी बाजू १-५, म्हणजे ताण तिथे जास्त. आकड्यांशी जुळतं. कानात कापूस घालावा, सूर कर्कश लागतो.

२० जुलै

गठ्ठे हलवले. गठ्ठा खाली, बुडाकडे ठोकला की चढतो. वर ठोकला की उतरतो. १ आणि ५ दोन्ही सारखेच दीड-दोन मिलिमीटर वर, ३ आणि ७ तितकेच खाली. हातोडीनंतर दहा मिनिटं थांबून मोजलं, कारण ठोकल्याठोकल्या येणारा आकडा पुढे सरकतो. वादी आणि गजरा (पुडीच्या कडेची चामड्याची वेणी) बसायला वेळ घेतात. अधूनमधून तळहाताने पुडीवर थापही मारावी.

१-५: २७९.४. ३-७: २७८.३. डोल जवळजवळ गेला. पडद्यावर काम फत्ते.

मग पेठेतल्या एका जुन्या कारागिरांना दाखवला. त्यांनी वाजवून बघण्याआधी गठ्ठ्यांजवळच्या वादीवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, “सूर लागलाय, पण पुडी सरकलीये. ही बाजू खेचून धरलीये तुम्ही.” बोट १ वर होतं.

पट्टीने मोजलं. गजऱ्याच्या आतल्या कडेपासून शाईच्या कडेपर्यंत: १ कडे ३१ मिलिमीटर, ५ कडे ३४. ३ आणि ७ कडे ३२, ३३.

२१ जुलै

कालच्या गोष्टीचं कारण सापडलं आणि ते या सगळ्या कामाचं मर्म आहे. (१,१) मध्ये दोन्ही अर्धी सारख्याच जोराने हलतात. १ कडचा जादा ताण आणि ५ कडचा तेवढाच कमी ताण यांची तिथे बेरीज होते आणि एकमेकांना खाऊन टाकतात. मोडला १ दिसत नाही, ५ दिसत नाही. १ अधिक ५ दिसतो. १६ जुलैला १ वर आणि ५ वर जवळपास एकच आकडा आला तो म्हणूनच. तो दोन घरांचा नव्हता, एकाच व्यासाचा दोनदा घेतलेला आकडा होता.

(२,१), (३,१) तपासूनही सुटका नाही. तबल्यात जे मोड एकेका पटीवर एकत्र येतात ते सगळे या बाबतीत सारखेच आंधळे: दुसऱ्या पटीत (१,१), तिसरीत (२,१) व (०,२), चौथीत (३,१) व (१,२). समोरासमोरचा फरक त्यांच्या सुरांवर उमटतो तो फार थोडा, दुसऱ्या हिशेबातला, मोजणीच्या चुकीत विरून जाणारा. एकतर्फी ओढ वारंवारतेतून कळणार नाही, कितीही महाग माइक लावला तरी.

पण ती पुडी सरकवते. एका बाजूची ओढ जास्त झाली की गजऱ्यासकट पुडी त्या बाजूला येते, शाई मध्यावरून हलते. म्हणजे सहा इंची पट्टी इथे माइकपेक्षा कामाची.

दुरुस्ती: १ आणखी एक मिलिमीटर वर, ५ तेवढाच खाली. बेरीज तीच, म्हणून सूर जवळपास तिथेच: १-५ वर २७९.२. अंतर मात्र १ कडे ३२, ५ कडे ३३ झालं. मग ३-७ च्या गजऱ्यावर वरून हातोडीचे हलके दोन टोले, २७८.५.

शेवटचा फरक ०.७ हर्ट्झ, ४ सेंट. एवढ्या फरकाचा डोल दीड सेकंदाचा आणि पहिला खड्डा ०.७ सेकंदावर, तोवर आस विझलेली. याखाली ठोकत बसण्यात अर्थ नाही, वादीच खराब होते.

२६ जुलै

रात्रभर पाऊस. तबला गवसणीबाहेर राहिला. आर्द्रता ७१ वरून ८६. १-५ आणि ३-७ ची सरासरी २७८.८५ वरून २७४.५, म्हणजे २७ सेंट खाली. दोन्ही व्यास मात्र सारखेच उतरले, फरक ०.९. दमट हवेत एकूण सूर उतरला तर गठ्ठे सारखे ठोकून वर आणता येतो. फरक वाढला असेल तरच घरं पुन्हा तपासायची. सुकवण्यासाठी हीटरसमोर ठेवू नये, चाट आधी आणि एका अंगाने वाळते.

२ ऑगस्ट

दुसरा तबला आणला, जुना, शाई झिजलेला. तक्रार अशी की कितीही ठोकला तरी ‘ना’ सुरात वाटत नाही.

दोन्ही व्यास जुळतात: (१,१) २६२.०, फरक एक हर्ट्झही नाही. पण (२,१) ३७७.३ वर. गुणोत्तर १.४४. तबल्यात ते १.५ असायला हवं, म्हणजे ३९३.०, सूर ७१ सेंटनी कमी पडतोय. पहिल्या तबल्यावर हाच आकडा १.४९६ येतो.

शाई नसलेल्या नुसत्या पडद्यावर हे गुणोत्तर १.३४ असतं. शाईचं मधलं वजन (१,१) ला त्याच्या प्रमाणात जास्त खाली ओढतं आणि म्हणून १.३४ चं १.५ होतं. शाई झिजली की आकडा पुन्हा १.३४ कडे उतरायला लागतो. ताण वाढवून (१,१) आणि (२,१) दोन्ही सारखेच चढतात, गुणोत्तर हलत नाही. त्यामुळे १.५ पासून २०-२५ सेंटपेक्षा जास्त दूर असेल तर हातोडीला हात लावायचा नाही, पुडी बदलायची किंवा नवी शाई भरून घ्यायची. स्क्रिप्टमध्ये ही तपासणी आता सर्वांत आधी आहे. अर्धा तास ठोकण्याआधी कळलेलं बरं.

(०,१) कडे दुर्लक्ष केलं आहे. चांगल्या तबल्यातही तो (१,१) च्या निम्म्यावर बसत नाही. आपल्या पहिल्या तबल्यात १३९.५ ऐवजी १४७.२, जवळजवळ एक अर्धस्वर चढा. ‘तूं’ वेगळ्या सुरात लागतो हे वादकांना माहीत असतंच.

९ ऑगस्ट

संध्याकाळी मुद्रण अशक्य. खोली शनिवार पेठेत, नदीच्या अंगाला, आणि गणपती अठरा दिवसांवर आलेत. ढोल १०० हर्ट्झच्या खाली असतात, ते गाळणीने जातात. ताशा जात नाही. त्याचा खटका सगळ्या पट्ट्यात पसरतो आणि आघात ओळखणारा भाग तबल्याऐवजी ताशाच मोजायला लागतो. एकदा तर स्क्रिप्टने तासाभरात नऊशे ‘ना’ मोजले. मुद्रणाची वेळ आता सकाळी सहा ते सात.

१० ऑगस्ट

पखवाजाच्या डाव्या पुडीवर थोडं काम. ७५ ग्रॅम कणीक, मऊ भिजवलेली. पाऊण तासात ३ ग्रॅम वजन घटलं आणि सूर वर सरकला. कणीक लावून लगेच मोजलेला आकडा वाजवण्याच्या वेळी खरा राहत नाही. पाण्याचा हात फिरवणं हाच उपाय, यात विश्लेषणाने भर घालण्यासारखं काही नाही. विषय बंद.

२३ ऑगस्ट

कारागिरांच्या दुकानात बसून पाच तबल्यांवर चालवलेला क्रम. हातोडीआधी दोन मोजमापं, मग बाकीचं:

पट्टीने चार दिशांना शाईचं अंतर. समोरासमोर दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर आधी पुडी मध्यावर आणायची, सूर कितीही हलला तरी चालेल. मग (२,१) भागिले (१,१). मग आठ जागी उघडे आघात आणि आवरणाचे खड्डे, त्यावरून चढा व्यास. त्या व्यासाचे दोन्ही गठ्ठे वर, काटकोनातल्या व्यासाचे दोन्ही खाली, नेहमी जोडीने आणि सारखेच. दहा मिनिटं थांबायचं. पुन्हा पट्टी. शेवटी एकूण सूर पेटीला मिळवायचा, आठही गठ्ठे फिरत्या क्रमाने.

कारागीर समोरासमोरच ठोकतात, एक झाला की पाचवा, मग तिसरा, मग सातवा. का, तर “असंच असतं.” हिशेबाने तोच क्रम बरोबर येतो.

पाचांपैकी एका तबल्यात चढा व्यास गठ्ठ्यांच्या मध्ये निघाला, १ आणि २ च्या दरम्यान. तिथे गठ्ठा नाही. एका घराचं भोक फाटून वादी खोल बसली होती. दोन्ही गठ्ठे थोडे हलवून डोल ५ वरून २ हर्ट्झवर आला, त्याखाली जाईना. गजरा बदलण्यासाठी ठेवला आहे. बदलल्यावर आधी पट्टी लावायची, आधीची अंतरं ३०, ३४, ३२, ३२ अशी लिहून ठेवली आहेत.